प्रश्न मिचेल्सटाउनचा, उत्तर लंडनचं

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात मिचेल्सटाउन नावाचं बाजाराचं गाव आहे. ९ सप्टेंबर १८८७ रोजी तिथल्या चौकात सात-आठ हजार माणसं जमली होती. किंग्स्टन घराण्याच्या जमिनीवरच्या कुळांना बेदखलीला विरोध करायला सांगितलं, म्हणून खासदार विल्यम ओब्रायन आणि स्थानिक पुढारी जॉन मँडेव्हिल यांच्यावर त्या दिवशी तिथल्या कोर्टात खटल्याची तारीख होती. चौकात घोडागाड्या उभ्या करून त्यांचंच व्यासपीठ केलेलं. खासदार जॉन डिलन बोलायला उभे राहिले आणि पोलिसांची एक तुकडी मागच्या बाजूने गर्दीत घुसू लागली. तुकडीच्या मधोमध होता सरकारी लघुलेखक. भाषण जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि त्याच टिपणावर खटला भरायचा, अशी सरकारची पद्धत होती. लघुलेखकाला व्यासपीठाजवळ जागा हवी असं आधी कळवलं, की आयोजक ती देत. त्या दिवशी कुणी कळवलं नव्हतं. गर्दी दाट होती, माणसं जागची हलेनात. पोलिसांनी दंडुके काढले, घोडेस्वार पुढे घातले, लोकांनी हातातल्या काठ्या चालवल्या. पोलीस मागे हटत आपल्या बराकीत शिरले आणि तिथून त्यांनी गोळ्या झाडल्या. तीन माणसं मेली, एक जागीच आणि दोन नंतर.

तीन दिवसांनी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये आयर्लंडचे मुख्य सचिव आर्थर बाल्फोर बोलायला उभे राहिले. मुख्य सचिव हे नाव, पण पद मंत्र्याचं. पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी गोळीबार केला आणि दोष सभा भरवणाऱ्यांचा, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. त्यांचा आधार होता पोलिसांचा अहवाल. विरोधकांकडे मात्र डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. हेन्री लाबूशेर यांच्यासारखे इंग्लिश खासदार त्या चौकात स्वतः हजर होते. पुढे मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यावर आणि पाच पोलिसांवर खुनाचा ठपका ठेवला. वरच्या कोर्टाने तो निकाल तांत्रिक कारणावरून रद्द केला आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. पण ‘मिचेल्सटाउन लक्षात ठेवा’ ही विरोधी पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांची घोषणा इंग्लंडभर गाजली आणि बाल्फोर यांना आयर्लंडमध्ये ‘रक्तलांछित बाल्फोर’ हे नाव कायमचं चिकटलं.

आयर्लंडच्या या जुन्या भांडणात मी का शिरलो ते सांगतो. माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्याच्या महसूल खात्यात झाली. कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. अधिवेशन सुरू झालं की मंत्रालयातून तारांकित प्रश्न यायचा. मंत्रालयातून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलला आणि तहसीलमधून तलाठ्याकडे. अमुक गावी अमुक गटातून अमुक कुटुंबाला बेकायदा काढून टाकले, ‘हे खरे आहे काय?’ आणि खाली हमखास, ‘असल्यास, कोणती कारवाई केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ अहवाल आजच्या आज द्यायचा असायचा. तलाठी मोटारसायकलवरून गावात जायचा, पंचनामा करायचा, सातबारा आणि फेरफार घेऊन संध्याकाळपर्यंत हजर व्हायचा. ज्या कुटुंबाकडे वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं, त्याच्या दारात सरकार त्या एका दिवसात जाऊन यायचं. मंत्र्यांचं उत्तर बहुतेक वेळा ‘हे अंशतः खरे आहे’ इतकंच असायचं. तरीही मी सांगतो, तो प्रश्न फुकट जात नसे. गावातल्या दांडग्याला कळायचं की आपलं नाव वरपर्यंत गेलं आहे. पुढची तक्रार आली की आम्हालाही जपून पावलं टाकावी लागायची.

आयर्लंडमध्ये नेमकं हेच चालत असे. कॉमन्समध्ये एखाद्या आयरिश खासदाराने प्रश्न टाकला, की मुख्य सचिवांच्या कार्यालयातून तो डब्लिनच्या किल्ल्यात जायचा. सगळा आयरिश राज्यकारभार त्या किल्ल्यातून चाले. तिथून रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाच्या जिल्हा अधिकाऱ्याकडे आणि शेवटी त्या गावाच्या ठाण्यावर. तिथला हवालदार लिहील तो अहवाल त्याच वाटेने लंडनला परत. उत्तरात मंत्री म्हणायचे की पोलिसांकडून मला असं कळलं आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच अहवाल. हे वाचताना माझ्यातला महसुली माणूस अस्वस्थ होतो, कारण ही पद्धत मला चांगली परिचयाची आहे.

भांडण मुळात कशावरून होतं? १८७० च्या सुमारास आयर्लंडची निम्मी जमीन आठशेपेक्षा कमी जमीनदारांच्या हातात होती. त्यातले बरेच इंग्लंडमध्ये राहत. जमीन कसणारी कुळं लाखांनी होती आणि त्यातल्या बहुतेकांचा करार वर्षावर्षाचा. खंड साधारणपणे मे आणि नोव्हेंबर असा दोनदा भरायचा. कुळाने दगड वेचले, पाणथळ जमिनीला चर काढले, घर बांधलं, तरी त्याचा मोबदला मिळेल अशी खात्री नसे. उलट जमीन सुधारली की खंड वाढायचा. आमच्या कोकणात खोताच्या कुळाची वेगळी कथा नव्हती. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्या दुष्काळातसुद्धा जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढलं होतं. मेयो परगण्यातल्या एका घरातून १८५० साली असंच एक कुटुंब बाहेर पडलं. त्यातला चार वर्षांचा मुलगा म्हणजे मायकेल डेव्हिट. कुटुंब इंग्लंडमध्ये लँकशायरला गेलं. तिथल्या कापसाच्या गिरणीत अकराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. मोठेपणी क्रांतिकारकांना शस्त्रं पुरवल्याबद्दल सात वर्षं तुरुंगात काढली. १८७७ च्या डिसेंबरमध्ये तो सुटला.

१८७९ साली पीक सलग तिसऱ्यांदा बुडालं. पाऊस थांबत नव्हता, बटाटा कुजला होता, अमेरिकेतल्या स्वस्त धान्याने भाव पडले होते. खंड मात्र तोच. २० एप्रिलला मेयोतल्या आयरिशटाउन या लहानशा गावी कुळांची मोठी सभा झाली आणि तिथला खंड कमी झाला. लोकांना वाट सापडली. ऑक्टोबरमध्ये डब्लिनला आयरिश नॅशनल लँड लीग स्थापन झाली. डेव्हिट तिचा कणा, आणि अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, म्हणजे विकलो परगण्यातला एक जमीनदारच. बेदखल झालेला कुळाचा पोरगा आणि जमीनदार खासदार एका संघटनेत आले, एक रानात आणि दुसरा सभागृहात. माझ्या मते लीगची खरी ताकद या जोडीत होती.

पुढच्या वर्षी एनिसच्या सभेत पार्नेल यांनी लोकांना विचारलं, शेजाऱ्याला काढलेल्या जमिनीवर जो बोली लावेल त्याचं काय कराल? गर्दीतून आवाज आला, गोळी घालू. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा त्याला एकटं पाडा. थोड्याच दिवसांत मास्क सरोवराकाठी लॉर्ड अर्न यांचे कारभारी कॅप्टन बॉयकॉट यांच्यावर हे अस्त्र चाललं. गडी गेले, मोलकरणी गेल्या, दुकानदाराने माल बंद केला. पीक काढायला उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे एक हजार सैनिक आणि पोलीस. जेमतेम पाचशे पौंडांच्या पिकासाठी सुमारे दहा हजार पौंड खर्च झाले. बॉयकॉट देश सोडून गेले.

आता सभागृहाकडे येऊ. १८८० साली दुष्काळाने खंड थकलेल्या आणि म्हणून बेदखल झालेल्या कुळाला भरपाई द्यावी, असं एक मर्यादित विधेयक कॉमन्सने मंजूर केलं. ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने ते २८२ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळलं. त्या वर्षी २,११० कुटुंबं बेदखल झाली. जमीनदारांनी भरलेल्या सभागृहाकडून दुसरं काय होणार, असं कुणी म्हणेल. पण त्या एका मतदानानंतर रानातला वणवा किती वाढला ते पाहिलं, की कळतं त्याची किंमत कुणी मोजली.

वणवा खरा होता आणि त्यात माणसं जळली, हे मी झाकणार नाही. १८८२ च्या जानेवारीत जोसेफ हडी नावाचा म्हातारा बेलीफ नोटिसा बजावायला गेला. त्याला आणि त्याच्याबरोबरच्या कोवळ्या पोराला मारून पोत्यांत घालून मास्क सरोवरात बुडवलं. बेलीफ हा शेवटी हुकमाचा ताबेदार. अशा नोटिसा घेऊन मीही शिपायांना गावोगाव पाठवलं आहे. त्या वाटेवर काय भीती असते ते मला ठाऊक आहे. त्याच वर्षी ६ मे रोजी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये नवे मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि त्यांचे दुय्यम टॉमस बर्क यांना भोसकून मारलं. आदल्या वर्षी तुरुंगात टाकलेले पार्नेल चार दिवसांपूर्वीच सरकारशी तडजोड करून सुटले होते. त्या तडजोडीवर या खुनांची छाया पडली.

मात्र या अत्याचारांची सरकारी मोजणी कशी होत होती, तेही सभागृहातच उघडं पडलं. १८८१ च्या जानेवारीत सरकारने दडपशाहीचा कायदा मागताना आयर्लंडमधल्या गुन्ह्यांचं कोष्टक ठेवलं. आयरिश खासदार आणि लाबूशेर यांनी ते ओळीओळीने तपासलं. निम्म्याहून जास्त ‘अत्याचार’ म्हणजे धमकीची पत्रं निघाली, आणि एकाच घटनेचे तुकडे करून अनेक गुन्हे मांडलेले सापडले. ज्याने सरकारी तक्ते भरले आहेत, त्याला हे वाचून नवल वाटणार नाही. तक्ता भरणारा गाव पाहत नाही, रकाना पाहतो. त्या तक्त्यावर जर माणसांना विनाचौकशी तुरुंगात टाकायचा कायदा उभा राहणार असेल, तर तो तपासणाऱ्याचे उपकारच मानले पाहिजेत.

ही चर्चा ३१ जानेवारीच्या दुपारी सुरू झाली आणि २ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत, ४१ तास, अखंड चालली. आयरिश सदस्य पाळीपाळीने बोलत राहिले. बेलफास्टचे व्यापारी आणि कॅव्हनचे खासदार जोसेफ बिगर हे यात सगळ्यांचे गुरू. सरकारी अहवालांची पानंच्या पानं सभागृहात वाचून दाखवण्याची त्यांची हातोटी होती. शेवटी अध्यक्ष ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा बंद केली, आणि चर्चा बंद करण्याचा नियम कॉमन्सच्या कामकाजात आला तो त्यानंतर. दुसऱ्या दिवशी डेव्हिटला अटक झाल्याची बातमी आली आणि निषेध करणाऱ्या ३६ आयरिश सदस्यांना सभागृहाबाहेर काढलं गेलं. या खासदारांना पगार नव्हता. १९११ पर्यंत ब्रिटिश खासदारांना वेतनच नव्हतं. अमेरिकेत गेलेल्या आयरिश मजुरांनी पाठवलेल्या पैशातून यातल्या कित्येकांचा लंडनचा खर्च चालायचा.

१८८१ मध्येच पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी जमीन कायदा आणला. वाजवी खंड, जमिनीवर कायमचा हक्क आणि आपला कूळहक्क विकण्याची मोकळीक. खंड ठरवायला स्वतंत्र लँड कमिशन. कुळांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि खंड सरासरी पाचव्या हिश्शाने खाली आला. आमच्या खात्याच्या भाषेत बोलायचं तर कूळ पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर नीट उभं राहिलं. पण ज्यांचा खंड थकला होता ते या कायद्याबाहेर राहिले, आणि दुष्काळाने नाडलेले तेच होते. लेखी पट्ट्यावर कसणारेही बाहेर. आंदोलन पुन्हा पेटलं, पार्नेल तुरुंगात गेले, लीगवर बंदी आली. तेव्हा पार्नेल यांची बहीण ॲना हिच्या पुढाकाराने बायकांच्या लीगने बेदखल कुटुंबांसाठी लाकडी खोपटी उभारून आंदोलन तगवलं. या बायकांना इतिहासाने फार कमी ओळी दिल्या आहेत. १८८२ च्या कायद्याने थकबाकी मिटवली, आणि पट्टेदारांना १८८७ मध्ये दार उघडलं. एवढं व्हायला दोन कायदे आणि सहा वर्षं लागली.

मधल्या काळातल्या बेदखलींची वर्णनं वाचवत नाहीत. केरीतल्या ग्लेनबेहमध्ये १८८७ च्या जानेवारीत कुटुंब परत येऊन राहू नये म्हणून घरांची छपरं पेटवून दिली. गॉलवेतल्या वुडफर्डला टॉमस सॉंडर्स नावाच्या कुळाचं घर रिकामं करायला शेकडो पोलीस लागले. आतून उकळतं पाणी आणि मधमाश्यांची पोळी अंगावर येत होती. तिथला जमीनदार लॉर्ड क्लॅनरिकार्ड लंडनमध्ये राहायचा आणि आपल्या जमिनीवर जवळपास कधीच येत नसे. या प्रत्येक गावाचं नाव कॉमन्सच्या नोंदीत आहे.

पण सगळ्यांत जास्त मला खिळवून ठेवलं ते माम्ट्रॅस्ना या डोंगरी वाडीने. त्याच मास्क सरोवराच्या वरच्या अंगाला. १७ ऑगस्ट १८८२ च्या रात्री तिथे जॉन जॉइस या शेतकऱ्याच्या घरात शिरून त्याच्यासह कुटुंबातल्या पाच जणांना मारलं. एक लहान मुलगा तेवढा वाचला. दहा जणांना अटक झाली, दोघे माफीचे साक्षीदार झाले. खटला डब्लिनला चालला, इंग्रजीत. आरोपी माइल्स जॉइस याला फक्त आयरिश येत होती. आपल्याविरुद्ध काय बोललं जातंय ते त्याला कळत नव्हतं. पंचांनी त्याला दोषी ठरवायला काही मिनिटंच घेतली. त्याच्याबरोबर फाशी जाणाऱ्या दोघांनी तुरुंगात जबाब दिला, की आम्ही दोषी आहोत, माइल्स नाही. तो जबाब लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे आयर्लंडचे व्हाइसरॉय, स्पेन्सर यांच्यापर्यंत पोहोचला. उत्तर आलं, कायद्याप्रमाणे होऊ द्या. १५ डिसेंबरला गॉलवेच्या तुरुंगात तिघांनाही फाशी दिलं. मी निर्दोष आहे असं माइल्स शेवटपर्यंत आपल्या भाषेत सांगत होता. भोवतीच्या अधिकाऱ्यांना ती भाषा येत नव्हती.

१८८४ साली टॉमस केसी या माफीच्या साक्षीदाराने चर्चमध्ये आर्चबिशपसमोर कबूल केलं, की मी खोटी साक्ष दिली. खासदार टिमथी हॅरिंग्टन यांनी सगळे कागद जमवले, पुस्तिका काढली आणि ऑक्टोबरमध्ये कॉमन्समध्ये चौकशीची मागणी केली. काही विरोधी पक्षाचे इंग्लिश सदस्यही त्यांच्या बाजूने बोलले. ठराव पडला. पुढच्या वर्षी पार्नेल यांनी विषय पुन्हा काढला. चौकशी झाली नाही. पण कुणाचा जबाब कोणत्या दिवशी, कोण काय म्हणाला, हे सगळं सभागृहाच्या नोंदीत कायमचं बसलं. ४ एप्रिल २०१८ रोजी आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी माइल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली. फाशीनंतर १३५ वर्षांनी.

पुढे सभागृहातल्या बाजू उलटल्या. १९०६ नंतर आयर्लंडच्या मध्यभागी वेगळा तंटा उभा राहिला. तिथे विस्तीर्ण गवताळ जमिनी गुरं चारणाऱ्या मोठ्या कंत्राटदारांकडे होत्या आणि शेजारी तुकड्यावर जगणारे शेतकरी. वेस्टमीथचे खासदार लॉरेन्स गिनेल यांनी लोकांना सांगितलं, रात्री जा आणि काठीने गुरं हाकलून द्या. माणूस मारायचा नाही, जनावर मारायचं नाही, फक्त दूरच्या रस्त्यावर सोडून यायचं. आता प्रश्न विचारू लागले ते जमीनदारांच्या बाजूचे सदस्य. किती गुरं हाकलली, कुणाच्या रानातून, किती जणांना पकडलं? मुख्य सचिव ऑगस्टीन बिरेल यांना दिवसेंदिवस गुरांची उत्तरं द्यावी लागली. गिनेल स्वतः कोर्टाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेले. प्रश्नोत्तराचा तास कुठल्याच बाजूचा गुलाम नसतो, हे या पानांवरून दिसतं.

भांडणाचा निकाल मात्र १९०३ मध्येच लागला होता. १९०२ च्या अखेरीस डब्लिनमध्ये जमीनदारांचे आणि कुळांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसले. त्यांच्या शिफारशीवर मुख्य सचिव जॉर्ज विंडम यांनी कायदा आणला. सरकारने जमीनदाराला पूर्ण किंमत रोख द्यायची, वर १२ टक्के जादा. कुळाने ती रक्कम सालिना सव्वातीन टक्क्यांनी साडेअडुसष्ट वर्षं सरकारला फेडायची. हप्ता जुन्या खंडापेक्षा कमी बसत होता, म्हणून कूळ राजी. रोख मिळत होती, म्हणून जमीनदार राजी. हे विंडम १८८७ मध्ये बाल्फोर यांचे खासगी सचिव होते, आणि १९०३ चे पंतप्रधान होते बाल्फोर. मिचेल्सटाउनच्या पोलिसांची पाठराखण करणाऱ्या माणसाच्या राज्यात जमीन कुळांकडे गेली. मन बदललं म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. १८७९ पासून चोवीस वर्षं रान शांत झालं नाही आणि सभागृह गप्प बसलं नाही, म्हणून झालं.

आपल्याकडे कुळाला मालक करायची पद्धत साधारण अशीच होती. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, कलम ३२-ग खाली न्यायाधिकरणाने ठरवलेली किंमत, हप्ते, आणि शेवटी ३२-म चं प्रमाणपत्र. त्याआधी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांनी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, आणि १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडलं. माझे आजोबा त्या संपकरी कुळांतले. इथेही रान आणि सभागृह दोन्ही लागली. हिंदुस्थानशी आयरिश खासदारांचा थेट धागाही होता. दादाभाई नवरोजींना एखाद्या आयरिश मतदारसंघातून कॉमन्समध्ये पाठवावं, असं डेव्हिटने पार्नेलना सुचवलं होतं. ते घडलं नाही. दादाभाई १८९२ मध्ये लंडनमधून निवडून आले. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश खासदार होते.

एक हिशेब उरतो. आयर्लंडमध्ये जमीन मिळाली ती ज्याचं नाव खंडाच्या वहीत होतं त्याला. शेतमजुराचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. मोर्च्यात तो होता, बहिष्कारात तो होता, वाटणीत नव्हता. त्याला १८८३ च्या आणि पुढच्या कायद्यांनी घर आणि अर्धा एकर, नंतर एक एकराचा तुकडा मिळाला. डी. डी. शीहान यांच्यासारख्या मोजक्या खासदारांनी त्याचा विषय लावून धरला, म्हणून १९१४ पर्यंत अशी चाळीस हजारांहून जास्त घरं उभी राहिली. हेही थोडं नाही. पण डेव्हिटला जमीन सगळ्या समाजाची व्हायला हवी होती. कुळाला मालक करून मजूर जिथे होता तिथेच राहील, हे तो सांगत राहिला, आणि तो बरोबर होता.

रायगडमधल्या कित्येक कातकरी वाड्यांखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. कूळकायद्याने त्यांना काही दिलं नाही, कारण सातबाऱ्यावर ते कधी नव्हतेच. ज्यांच्या ओळखीत अशी वाडी असेल त्यांना माझं सांगणं आहे, आमदाराला मोघम निवेदन देऊ नका. वाडीचं नाव, गट नंबर, घरं किती, किती वर्षांपासून, सातबारा कुणाचा, कुणी कधी धमकी दिली, हे तारखांसह एका कागदावर लिहून द्या आणि त्यावर तारांकित प्रश्न टाकायला सांगा. मग त्या वाडीत तलाठ्याला जावंच लागेल.